जूनला न्यायला येते

सिस्टर मोनिका गेल्याचं मला एकवीस दिवसांनी कळलं. मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. कॉन्व्हेंट शाळेचा रखवालदार दगडू सायकल हातात धरून फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "आक्का, मोनिका शिस्टर वारल्या म्हनं. तिकडं मंगळूरकडं. मातीबी झाली." मी विचारलं, "कवा?" तो म्हणाला, "झालं की तीन आठवडं. हापिसात फोन आलता. तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई व्हय?" कुणी सांगितलं नव्हतं. एकोणतीस वर्षं मी त्या शाळेत आया होते, त्यातली एकोणीस सिस्टर मोनिकांच्या हाताखाली. दगडू गेल्यावर मी उरलेला लसूण सोलला. रडू आलं नाही. राग आला, आणि तोही नवा नव्हता.

मेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं, असं माझी नात म्हणते. मी चौथी पास बाई. मला जे झालं तेच लिहिता येतं. चांगलं होतं ते लिहीनच, पण नुसतं चांगलं लिहिलं तर त्या सिस्टर मोनिका होणार नाहीत, दुसरीच कुणी बाई होईल.

आमचं गाव शिराळ्याच्या वाटेवर. मी नवी नवरी होऊन आले त्या सुमाराला तिथं चार सिस्टर आल्या. गुळाच्या अडत्याची रिकामी वखार भाड्यानं घेतली, पोती अंथरली आणि मुलींची मराठी शाळा काढली. या बायका पोरी बाटवणार, असं गावात उघड बोलत होते. माझी सासू तर त्यांच्या सावलीतूनही जायची नाही. पण त्याच सासूच्या पाठीत गळू झालं तेव्हा ते कापायला, धुवायला, पट्टी बांधायला सिस्टरच होत्या. दवाखाना त्यांनी शाळेच्या आधी चालता केला. बाळंतिणीकडं जायच्या, शिवणाचा वर्ग घ्यायच्या. पुढं दगडी इमारत झाली आणि मी तिथं कामाला लागले. मालक फौजेत, उसाचं रान चार भावांत, हाताशी काही हवं होतं. मला कुणी बाटवलं नाही. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून मी कामाला जायची आणि संध्याकाळी होते तशीच परत यायची.

सिस्टर मोनिका आल्या तेव्हा तिशीच्या असतील. उंच, सावळ्या, पाय हे एवढे मोठे. त्यांच्या मापाची चप्पल गावात मिळायची नाही, चांभाराकडून करून घ्यायच्या. मूळच्या मंगळूरकडच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. मुलीचं नाव घालायला आलेल्या बाईला म्हणाल्या, "कृपया आसन ग्रहण करा." ती बाई घाबरून उभीच राहिली. मी म्हटलं, "शिस्टर, असं बोलाय लागला तर बाया पळून जात्याल. बसा की वो, म्हना." तेव्हापासून मी त्यांची मास्तरीण झाले. त्या वहीत लिहून घ्यायच्या... लय, कवा, तवा, व्हय. सहा महिन्यांनी शाळा तपासायला साहेब आले, त्यांना सिस्टर हात जोडून म्हणाल्या, "आवं साहेब, उभं का? बसा की वो!" साहेब इतके हसले की तपासणी अर्ध्या तासात उरकली. सिस्टरांनी नंतर मला पडवीत गाठलं. "हिराबाई, मी काय चुकीचं बोलले?" मी म्हटलं, "काय न्हाई. आता तुमी आमच्या झाला." हे मी तेव्हा मनापासून म्हटलं होतं.

मग जतचा दुष्काळ आला. सिस्टरांनी तिकडं औषधं आणि मुलांसाठी सातूचं पीठ न्यायचं ठरवलं. मला बरोबर घेतलं. एका मेंढपाळांच्या वस्तीवर पाण्याचा टँकर आला आणि बायका एकमेकींच्या अंगावर धावल्या. घागरीला घागर, केसाला हात. मी मागं सरले. सिस्टर मात्र मध्ये शिरल्या आणि कानडीत अशा ओरडल्या की सगळ्या जागच्या जागी थांबल्या. पांढऱ्या झग्यातली बाई आपल्या भाषेत शिव्या देते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शिव्याच होत्या त्या, मला नंतर बाळव्वानं सांगितलं. बाळव्वा म्हणजे त्या भांडणात सगळ्यात पुढं असलेली, फाटक्या आवाजाची. तिची मुलगी रेणुका दहा वर्षांची, मेंढरांमागं फिरायची. शाळा आठ किलोमीटरवर, म्हणजे नव्हतीच. सिस्टर औषधांच्या चिठ्ठ्या लिहीत असताना त्या पोरीनं अक्षरं बघून बघून धुळीत काढली, तिला कुणी सांगितलेलं नसताना. सिस्टर चिठ्ठ्या लिहायच्या थांबल्या. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "हिरा, आपल्याकडं मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत."

पुढच्या फेरीला आम्ही मुली मागायला गेलो. दहावीपर्यंत शाळा, राहणं, जेवण, सगळं. आया ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. एवढ्या लांब पोर कुणाच्या भरवशावर धाडायची? शेवटी सिस्टरांना मीच म्हणाले, "आमच्यात पोरगी मागून न्यायची तर तिची ओटी भरत्यात. ओटी भरली की बाया न्हाई म्हननार न्हाईत." सिस्टरांना कल्पना फार आवडली. ओटीचा अर्थ काय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितला नाही. ओटी भरून नेलेली मुलगी त्या घरची होते, आणि तिला परत धाडली तर ती टाकलेली ठरते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुली याव्यात म्हणून मी गप्प बसले. या सगळ्या गोष्टीत माझा वाटा आहे तो एवढा, आणि तो लहान नाही.

सात मुलींच्या ओट्या भरल्या. नारळ, मूठभर तांदूळ आणि खण. खण आपण तिकोनी घडी करून देतो. सिस्टरांनी सगळे खण आदल्या दिवशी बसून देवघरातल्या कापडासारखे घडी घातले होते, तीन इकडून, तीन तिकडून, नऊ चौकोन. प्रार्थनेच्या टेबलावरचं कापड त्या तसंच घडी घालायच्या, बोटानं दाबून दाबून. बाळव्वानं तो चौकोनी खण बघितला आणि म्हणाली, "ह्यो काय खण हाय का रुमाल? आनि शिस्टर, ओटी सवाशिननं भराय लागती. तुमचं कुंकू कुटं हाय?" सिस्टरांनी बोटातली चांदीची अंगठी पुढं केली. "ही बघा. माजं लगीन देवाशी झालंय. मी कायमची सवाशीन." त्यांनी तेच कानडीत सांगितलं तशा बायका हसून लोळल्या. बाळव्वा म्हणाली, "असला नवरा आमाला का न्हाई गावला? आमचा रोज म्हातारा हुतोय आनि रोज पितोय!" मग तिनं रेणुकाला पुढं ढकललं. पोरीनं फ्रॉकचा ओचा धरला, सिस्टरांनी त्यात नारळ ठेवला. बाळव्वा मला म्हणाली, "ह्यो खण मी शिवणार न्हाई. पोरगी मॅट्रिक झाली की हिचीच चोळी शिवंन."

चार वर्षं त्या मुली मागच्या दोन खोल्यांत होत्या. दर शनिवारी पडवीतल्या बाकावर मी एकेकीचं डोकं फणीनं विंचरायची. जतहून आल्या की उवा घेऊनच यायच्या, आणि गावातल्या पोरींच्या आया तक्रारी घेऊन यायच्या. सिस्टरही फणी घेऊन बसायच्या. त्यातून एकदा त्यांच्याच डोक्यात उवा झाल्या. चार दिवस कुणाला बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी मला खोलीत बोलावून दार लावलं आणि डोक्यावरचं कापड काढलं. काळेभोर, कुरळे, मानेपर्यंत कापलेले केस. गावात ते केस मी सोडून कुणी पाहिलेले नाहीत. मी विंचरत होते आणि त्या पोरीसारख्या "आई गं, हळू" करत होत्या. मी म्हटलं, "नवरा बघतोय वर बसून, गप बसा." त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या सिस्टरनी भिंतीवर थाप मारली. अशी आमची ओळख होती. मैत्री म्हणायला मला तेव्हा संकोच वाटायचा, आता चीड येते.

रेणुका सगळ्यांत हुशार होती. वयाकडं बघून पाचवीत बसवली होती, तरी आठवीत पहिली आली. तिला दवाखान्यातल्या सिस्टरसारखं व्हायचं होतं. बँडेज कापायला तिलाच बसवायचे. सुट्टीत वस्तीवर जायची तेव्हा चिंध्यांची बँडेजं करून मेंढरांचे पाय बांधायची, असं बाळव्वा तक्रारीच्या सुरात आणि कौतुकानं सांगायची. दर मे महिन्यात मुलींना एसटीनं जतला पोहोचवायचं काम माझं. सांगलीला गाडी बदलायची, संध्याकाळी वस्तीवर. ट्रंका बोर्डिंगमध्येच राहायच्या, मुली एका पिशवीत दोन कपडे घेऊन जायच्या. वस्तीवर पोहोचलं की मी प्रत्येकीच्या आईला सांगायची, "जूनला न्यायला येते." आणि दर जूनला जायची.

त्या वर्षी मे महिन्यात सिस्टर म्हणाल्या, "हिरा, या खेपेला ट्रंका पण ने. खोल्या रंगवायच्या आहेत." मी म्हटलं, "सात ट्रंका? एसटीत? पडवीत ठिवू की." त्या म्हणाल्या, "पडवीत पत्रा गंजेल." मे महिन्यात कुठला पत्रा गंजतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांच्यावर माझा इतका विश्वास होता की मी डोकं घरी ठेवून गेले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लगीन हाय का काय? रुखवत घेऊन निगाला?" मुली खिदळल्या. टपावर सात ट्रंका चढवल्या, सांगलीला उतरवल्या, पुन्हा चढवल्या. वस्तीवर बाळव्वानं ट्रंक बघून विचारलं, "ही का आनली?" मी सांगितलं, "खोल्या रंगवायच्या हायत. जूनला न्यायला येते." माझ्या तोंडानं सांगितलं. सिस्टर निघताना फाटकापर्यंत आल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. दरवर्षी ठेवायच्या नाहीत. तेही मला नंतर आठवलं.

जूनमध्ये खोल्या रंगल्या खऱ्या. एकीत कॉम्प्युटर आले, दुसरीत लहान मुलांच्या इंग्रजी वर्गाचे पिवळे बाक. शाळा इंग्रजी होणार, मराठी वर्ग एकेक करून बंद होणार, बोर्डिंग आत्तापासूनच बंद, असा हुकूम त्यांच्या मोठ्या मठातून फेब्रुवारीतच आला होता. मला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या कारकुनानं सांगितला. मी सिस्टरांच्या खोलीत गेले. त्या प्रार्थनेला बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हाही प्रार्थनेलाच. एवढी प्रार्थना त्यांनी सोळा वर्षांत केली नसेल.

मी न्यायला गेले नाही, म्हणून बाळव्वाच आली. रेणुकाला आणि ट्रंकेला घेऊन. फाटकाशी ट्रंकेवर मुलीला बसवलं आणि स्वतः उभी राहिली. मी आत निरोप द्यायला गेले तर सिस्टर म्हणाल्या, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील." त्या बाहेर आल्या नाहीत. मी सांगितलं. बाळव्वा म्हणाली, "यक्का, आठवी झाली हिची. आता मी हिला कुटं ठिवू? वस्तीवर समदी इचारत्यात, शाळंवाल्यांनी का टाकली, काय खोड हाय पोरीत? खोल्या रंगवताय म्हनलीस तू. तुला ठावं हुतं?" मी म्हटलं, "न्हवतं." ती म्हणाली, "मग तू आमच्याहून येडी." तिनं कमरेचा खण काढला. लग्न मोडलं की ओटीचा खण परत करतात, तसा माझ्या हातात ठेवला. चार वर्षं जपलेला, न शिवलेला, त्याच नऊ चौकोनांत. ट्रंक एका बाजूनं आईनं धरली, दुसऱ्या बाजूनं रेणुकानं, आणि दोघी स्टँडकडं गेल्या. मी वर बघितलं. सिस्टरांच्या खिडकीचा पडदा हलला.

पुढच्या वर्षी मी एकटीच जतला गेले. रेणुकाचं लग्न झालं होतं, मेंढरांमागं कर्नाटकात गेलेली. बाळव्वानं मला पाणी विचारलं नाही. जतमध्ये पाणी विचारलं नाही तर माणसाला वाटतं, नसेल घरात. पण त्या दिवशी घागर काठोकाठ भरलेली होती, मी पाहिली.

नोकरी मी सोडली नाही. सिस्टर तीन वर्षांनी बदलून गेल्या तोवर आम्ही कामापुरतं बोललो. आणि हेही लिहिते, म्हणजे कुणी मला चांगली समजायला नको. माझी नात त्याच इंग्रजी शाळेत शिकली. आयाची नात म्हणून जागा मिळाली. पिवळ्या बाकावर बसली, रेणुकाच्या खोलीत. मी नको म्हटलं नाही. आज ती बँकेत आहे आणि हे लिखाण तीच टाईप करते आहे. तिला मी सांगितलं आहे, ही ओळ गाळायची नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या समारंभाला सिस्टर आल्या होत्या. त्यांनीच निरोप पाठवला. मी पिशवीत खण घातला. तो तोंडावर टाकायचा, एवढंच ठरवून गेले. खोलीत त्या खुर्चीत बसल्या होत्या, वाळून अर्ध्या झालेल्या, पाय तेवढे तेवढेच. मला बघून म्हणाल्या, "हिरा, बस की वो." मग म्हणाल्या, "हात वर जात नाहीत आता. डोकं फार खाजतं... कुणाला सांगायचं?" डोक्यावरचं कापड त्यांनी स्वतःच सरकवलं. केस पांढरे, विरळ, मधून कातडी दिसणारे. फणी माझ्याकडं नव्हती, त्यांच्या टेबलावरचा कंगवा घेतला. विंचरता विंचरताच मी विचारलं, "हुकूम आलता, ते मला समजतं. तुमच्यात हुकूम मोडत न्हाईत. पर ट्रंकांचं खोटं कुनाच्या हुकमानं बोलला?"

त्या म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं तर तू मुलींना नेलं नसतंस."

"नसतंच नेलं."

"म्हणून."

एवढंच. माफी मागितली नाही. मीही पुढं विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "रेणुका कुठं असते?" मी म्हटलं, "ते तुमी इचारायचं न्हाई." विंचरून झालं, कापड नीट बसवून दिलं आणि मी खणाची पिशवी तशीच घेऊन घरी आले. का तशीच आणली, हे मला अजून सांगता येत नाही. विंचरलेल्या डोक्यावर काही फेकवत नाही, एवढंच असेल.

परवा शाळेत त्यांची शोकसभा झाली. हल्लीच्या मुख्याध्यापिका सिस्टर तरुण आहेत, वागायला चांगल्या आहेत. मला म्हणाल्या, "आजी, चार शब्द बोला," आणि कागद दिला. त्यात होतं की सिस्टर मोनिकांनी धाडसानं शाळा पुढं नेली. मी चष्मा नाही म्हणून कागद परत दिला. चष्मा पिशवीत होता. माईकपुढं उभी राहिले आणि म्हणाले, "या शाळेत जतच्या सात मुली होत्या. त्यांची ओटी भरून त्यांना आणलं होतं आणि खोटं सांगून घालवलं. घालवायला मीच गेले होते." मग सातही जणींची नावं घेतली, रेणुकाचं शेवटी. सभेत कुणाला काय समजलं देव जाणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खण काढून फोटोपुढच्या टेबलावर ठेवला, ज्यांनी दिला त्यांना आता तरी परत पोहोचेल म्हणून. तर त्या तरुण सिस्टर लगबगीनं आल्या, म्हणाल्या, "किती सुंदर भेट!" आणि तो उलगडून फोटोखाली पसरायला लागल्या, वर हार ठेवायला. मी त्यांच्या हातातून ओढून घेतला. म्हटलं, "भेट न्हाई ही. ह्यो रेणुकाचा हाय." मी पायऱ्या उतरून घरी आले.

आता तो माझ्या फळीवर आहे. रेणुका कुठं आहे ते शोधायला नातीला सांगितलं आहे. या वयात एसटीचा प्रवास झेपला तर स्वतः नेऊन देईन. जून आहे की डिसेंबर, ते आता बघायचं नाही. काल त्याची आपल्या रीतीनं तिकोनी घडी घालून बघितली. पंचवीस वर्षं दाबून बसलेल्या रेघा आहेत त्या. हात काढला की कापड सरकतं, आणि पुन्हा सिस्टरांच्याच नऊ चौकोनांत जाऊन बसतं.